अक्कांच्या बियाचे सहा वाफे

अक्का, तुमच्या दहाव्याला मी खोटं बोलले. नदीच्या काठावर, सगळ्या भावकीसमोर, हात जोडून बोलले, आणि ते ऐकून कावळा पिंडाला शिवला. त्याला आता महिना होत आला. घरात आणि शेजारपाजारी सगळे म्हणतात, मंगलनं अक्कांचा जीव मोकळा केला. मला मात्र तेव्हापासून घास गोड लागला नाही. म्हणून आज सगळं सांगायला बसलेय. मधे बोलू नका. बावीस वर्षांत तुम्ही मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाही, आता तरी ऐकून घ्या.

नाशिकरोडच्या क्वार्टरमधून मी लग्न होऊन चांदवडकडच्या या मळ्यात आले, तेव्हा मला कांदा फक्त चिरता येत होता. तुम्ही मोठी जाऊ, मी धाकटी. आमच्या ह्यांची नोकरी एकलहऱ्याच्या पॉवर हाउसमध्ये, ते आठवड्यातून एकदा घरी. म्हणजे नवऱ्यापेक्षा जास्त संसार मी तुमच्याशीच केला, आणि भांडणंही तुमच्याशीच केली. ह्यांच्याशी भांडायला वेळच कुठे मिळायचा.

पहिल्याच हिवाळ्यात तुम्ही मला वाफ्यावर बसवलंत. कांद्याचं काळं बी राखेत कालवून, दोन बोटांतून, ओळीनं सोडायचं. माझ्या मुठीतून ते भसाभसा एकाच जागी पडलं आणि तुमच्या तोंडून निघालं, "हाई काय शे?" तुमचं माहेर नामपूरचं. एरवी तुम्ही आमच्यासारखंच बोलायचात, पण डोकं फिरलं की अहिराणी सुटायची. मला ती भाषा आली ती तेवढीच, बोलणी खाण्यापुरती. मला टायफॉइड झाला तेव्हा पंधरा दिवस माझ्या उशाशी बसून होतात, आणि पंधराही दिवस मी आजारी पडले म्हणून मला रागावत होतात. पेज भरवायची आणि बोलायचं. पाणी पाजायचं आणि बोलायचं. माझी आई भेटायला आली होती, ती बिचारी घाबरून दुसऱ्या दिवशी परत गेली. जाताना मला हळूच विचारत होती, ही बाई नेहमीच अशी बोलते का गं. मी म्हटलं, नाही, आज जरा कमी आहे.

ते बी म्हणजे तुमचा जीव होता. लग्नात नामपूरहून पदराच्या गाठीत बांधून आणलं, असं सांगायचात. गाठीत मावून मावून किती मावणार, पण सांगायचात आणि आम्ही ऐकायचो. दरवर्षी कांदाचाळीतले भरदार, एकसारखे कांदे निवडायचे, दिवाळीनंतर ते कोपऱ्यात लावायचे, त्यांना फुलांचे दांडे, डेंगळे, आले की उन्हाळ्यात चोळून बी काढायचं, आणि पुढच्या हिवाळ्यात त्याचं रोप टाकायचं. कांद्याचं बी ठेवून टिकत नाही, वर्षाच्या आत मातीत गेलं पाहिजे. एक वर्ष चुकलं की संपलं. तुमच्या भावांनी कांदा सोडून डाळिंब धरलं त्याला किती वर्षं झाली. आणि गावात तुम्ही कुणाला चिमूटभर बी दिलं नाहीत, दुसऱ्याच्या हातात बिघडतं म्हणून. तुमचा हा हट्ट मला कधीच पटला नाही. हे मी तुमच्या तोंडावरही सांगितलं होतं, त्यामुळे आज नव्यानं बोलतेय असं समजू नका.

आपला खरा वाद थंडीचा. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, आणि आपलं रोप मात्र उघड्यावर, केसाएवढं. तुमची पद्धत अशी की फारच कडाका असेल तर संध्याकाळी वाफ्यावर तुरीच्या काड्या रोवून जुन्या साड्या टाकायच्या, आणि सकाळी ऊन आलं की लगेच काढायच्या. नाहीतर तसंच राहू द्यायचं. रोपाला थंडी खाऊ द्यावी, नाहीतर लावणीत माना टाकतं, असं तुमचं म्हणणं. मी मोबाइलवर बघितलं होतं, पांढऱ्या प्लॅस्टिकचा बोगदा करायचा, कडा मातीनं दाबल्या की झालं. रोजची काढघाल नको. चार वर्षं मी तुमच्या मागे लागले होते. तुम्ही म्हणायचात, "मंगल, त्यांना श्वास घेऊ दे." मी म्हणायचे, गारठून मेल्यावर कसला श्वास. गेल्या वर्षी मी तुम्हाला न विचारता प्लॅस्टिकचा गुंडाळा आणून ठेवला. तुम्ही तो पाहिलात आणि धान्याच्या कोठीमागे टाकलात. तीन दिवस बोलला नाहीत माझ्याशी.

यंदा दिवाळीपासूनच तुम्हाला दम लागायला लागला. बियाण्याचे कांदे लावायचे राहून गेले, गोणीतच कोंब येऊन सडले. रोप तेवढं तुम्ही टाकलंत. मला हात लावू दिला नाहीत. दर दोन ओळींनंतर बांधावर बसत होतात, धापा टाकत होतात, आणि मी पुढे झाले की हातानंच मागं सर म्हणत होतात. सहा वाफे. डब्यात होतं नव्हतं ते सगळं बी त्या सहा वाफ्यांत गेलं.

आता ते ऐका जे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तुम्हाला जास्त झालं ती डिसेंबरातली संध्याकाळ. भाऊ, म्हणजे माझे थोरले दीर, गाडी ठरवायला गावात गेले होते. निफाडकडे पारा उतरतोय, आज रोपं सांभाळा, असे निरोप सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होते. मी मळ्यात गेले. साड्या टाकायला अर्धा-पाऊण तास लागतो. प्लॅस्टिक दहा मिनिटांत होतं. कोठीमागचा गुंडाळा काढला, सहाही वाफ्यांवर घातला आणि कडा मातीनं घट्ट दाबल्या. घाई होती हे खरं आहे. पण तुम्ही अंथरुणाला खिळलेल्या होतात आणि बघायला येणार नव्हतात, हेही तेवढंच खरं आहे. सकाळी लवकर उठून काढून टाकू, अक्कांना कळणारही नाही, असं मी मनाशी म्हटलं होतं.

उजाडायच्या आतच तुम्हाला गाडीत घालावं लागलं. बाईमाणूस जवळ पाहिजे म्हणून मीही बसले. नाशिकला पोचलो, तुम्हाला नळ्या लावल्या, छातीत पाणी झालंय, डॉक्टर म्हणाले. वॉर्डात तुमच्या पलंगाला खिडकी होती. दहाच्या सुमाराला खिडकीतून ऊन तुमच्या पायांवर आलं आणि मला वाफे आठवले. प्लॅस्टिक तसंच होतं.

मी फोन काढला. शेजारच्या मळ्यातल्या शांताबाईंचा नंबर लावायचा आणि एवढंच सांगायचं, बाई, आमच्या वाफ्यांवरचं प्लॅस्टिक ओढून टाका. पाच मिनिटांचं काम होतं आणि त्या लगेच गेल्या असत्या. पण तुम्ही जाग्या होतात. माझ्याकडे बघत होतात. तोंडावर मास्क होता, तरी हातानं विचारलंत, काय गं? मी म्हटलं, काही नाही. बाहेर जाऊन फोन करता आला असता, बाहेरचा व्हरांडा दहा पावलांवर होता. पण शांताबाई म्हणजे गावचं वर्तमानपत्र. संध्याकाळी त्या तुम्हाला भेटायला आल्या असत्या आणि पहिलं वाक्य तेच बोलल्या असत्या. तुम्ही अशा अवस्थेत, आणि मी तुमचं ऐकलं नाही हे तुम्हाला तिथे कळणार, तुम्ही मला सगळ्या वॉर्डासमोर फैलावर घेणार, याची मला भीती वाटली. माझ्या वयाची बाई, अक्का, पंचेचाळिशी उलटलेली, आणि मी रागावणीला भ्याले. फोन पिशवीत टाकला.

दोन दिवसांनी वैशाली, तुमची लेक, शाळेतून रजा काढून तुमच्याजवळ थांबली आणि मी घरी आले. घरात न जाता सरळ मळ्यात गेले. प्लॅस्टिकच्या आतून पाण्याचे थेंब ओघळत होते. ते ओढलं तर आतून तोंडावर वाफ आली. रोप सगळं आडवं झालं होतं, शिजवलेल्या मेथीसारखं, हात लावला की बोटाला चिकटत होतं. सहाही वाफे. एका कोपऱ्यात तरी एखादी ओळ उभी असेल म्हणून मी गुडघ्यांवर रांगत बघत फिरले. थंडीनं काही केलं नव्हतं हो. थंडी उलट त्या दोन दिवसांत ओसरली होती.

मग मी काय केलं, तर दुसऱ्या दिवशी चांदवडला जाऊन दुकानातून बी आणलं. दुकानदार म्हणाला, तुमच्याकडे तर घरचं असतं ना. म्हटलं, पाहुण्यांना पाहिजे. सुरुवात तिथून झाली. वाफे पुन्हा खणले, मेलेलं रोप मातीत दडपलं आणि त्यावर दुकानाचं बी टाकलं. या वेळी अगदी तुमच्या पद्धतीनं. राखेत कालवून, दोन बोटांतून. संध्याकाळी साड्या, सकाळी साड्या काढायच्या. तुमची ती जांभळी, मोराच्या काठाची साडीसुद्धा टाकली होती, जी तुम्ही मला कधी नेसू दिली नाहीत. घरात मी एकटीच होते, भाऊ तुमच्याजवळ नाशिकला. ह्यांची साप्ताहिक सुट्टीही तिकडेच जात होती. विचारणारं कुणी नव्हतं. ते दहा-बारा दिवस मी चोरासारखी काढले. रस्त्यावरून कुणी हाक मारली तरी दचकायचे.

बी उगवलं आणि वैशालीचा फोन आला, आई रोप बघायचं म्हणते, फोटो पाठव. मला इतका आनंद झाला की मी काही विचार केला नाही. खाली बसून, जवळून, चांगल्या उजेडात फोटो काढला आणि पाठवला. पाठवल्यावर नीट पाहिला. कांदा उगवतो तो मान वाकवून उगवतो, आणि टोकावर बियाचं काळं टरफल टोपीसारखं अडकलेलं असतं. चार-आठ दिवसांत ते गळून जातं. महिनाभराच्या रोपावर ते कुठून असणार. तुम्ही ते रोप बरोब्बर पस्तीस दिवसांपूर्वी टाकलं होतं, आणि फोटोत एकेका काडीच्या डोक्यावर काळी टोपी होती.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मी नाशिकला आले. मनात सगळी तयारी केली होती. ओरडतील, ओरडू दे. पाया पडू. वैशाली औषधं आणायला खाली गेली होती, भाऊ चहाला. तुमचा मास्क काढलेला होता आणि वैशालीचा फोन तुमच्या हातात होता. तुम्ही फोटो दोन बोटांनी मोठा केलात, तुम्हाला ते येतं हेही मला माहीत नव्हतं. खूप वेळ बघितलात. मग फोन उशीवर ठेवलात.

"मंगल, थंडीनं मागं राहिलंय. राहू दे."

मी म्हटलं, "हो."

मग तुम्ही विचारलंत, जेवलीस का. अक्का, तुम्ही मला आयुष्यभर जेवून घे असा हुकूम सोडलात, जेवलीस का असं कधी विचारलं नव्हतं. अहिराणीचा एक शब्द तोंडातून आला नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, खिडकीकडे बघत होतात. मी डबा उघडला, भात कालवला, भरवला. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं आणि तुम्ही एकेक घास घेत होतात. तेवढ्यात वैशाली आली. चार दिवसांनी तुम्ही गेलात.

तुम्हाला कळलं होतं का? हा एकच प्रश्न मी तेव्हापासून चघळतेय. बावीस वर्षं पान बघून कोणत्या वाफ्याला पाणी कमी पडलं ते सांगणारी बाई टोकावरचं टरफल बघणार नाही, हे मला पटत नाही. मग कळूनही तुम्ही मला सबब काढून दिलीत का? की इतक्या थकला होतात की खरंच दिसलं नाही? दिसलं नसेल तर मी तुम्हाला फसवून पाठवलं. आणि दिसलं असेल तर, अक्का, ते त्याहून वाईट आहे. तुम्ही माझ्यावर रागवायचं सोडून दिलंत म्हणजे तुम्ही निघाला होतात, आणि मला ते तेव्हा समजलं नाही.

त्यात तुमचं ते वाक्य वैशालीनं दारातून ऐकलं होतं. मग काय, तेच सगळ्यांच्या तोंडी झालं. आजूबाजूच्या लावण्या उरकत आल्या, आपलं रोप बोटभर, आणि कुणी विचारलं की घरातलं कुणीतरी सांगायचं, थंडीनं मागं राहिलंय, अक्का म्हणाली होती. तुमच्या नावावर माझं खोटं बिनबोभाट चाललं. भाऊंनी सुतकात एकदा वाफ्यांवर फेरी मारली. बराच वेळ उभे होते. मग घरी येऊन हातपाय धुतले.

दहाव्याला बाभळीवर सात-आठ कावळे होते आणि एकही खाली येईना. भाऊंनी हात जोडून सांगितलं, वैशालीला अंतर देणार नाही. तुमचे नामपूरचे भाऊ म्हणाले, माहेरपण चालू ठेवू, भाचीला ओवाळणी चुकणार नाही. तास झाला, ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला निघाले. तेवढ्यात बायकांतून कुणीतरी म्हणालं, अगं तिचा जीव रोपात अडकलाय, मंगलला बोलू द्या. आणि सगळी माणसं माझ्याकडे वळली.

मी पुढे गेले. त्या क्षणी खरं सांगायचं माझ्या मनात होतं, देवाशपथ होतं. पण समोर वैशाली होती, रडून रडून डोळे सुजलेली. मी म्हटलं, "अक्का, तुमचं रोप चांगलं आहे. तुमचं बी मी बुडू देणार नाही." आणि बाभळीवरून एक कावळा उतरला, थेट पिंडावर. बायका हुंदके देऊन रडल्या. वैशालीनं मला मिठी मारली. मला तो कावळा असा डोळ्यांसमोर नको झाला की काय सांगू. तासभर उपाशी बसलेला पक्षी, त्याला भूक लागली असेल, एवढंच. पण त्यानंतर माझं तोंड शिवल्यासारखं झालं. जो तो मला चांगलं म्हणत होता, आणि मला ऐकवत नव्हतं.

परवा लावणी झाली. सात-आठ बाया आल्या होत्या. वैशाली नाशिकहून सकाळच्या एसटीनं आली, हातात रंगाची रिकामी बादली, तळाला भोकं पाडून आणलेली. मी वाफ्यात बसून रोप उपटून जुड्या बांधत होते. ती माझ्याजवळ उकिडवी बसली. म्हणाली, काकू, यातली चांगली जुडी दे, गॅलरीत लावते, आईच्या हातचं आता एवढंच राहिलंय.

जुडी माझ्या हातातच होती. देऊन टाकली असती तर झालं असतं. ती बादलीत लावली असती, रोज पाणी घातलं असतं, पाहुण्यांना दाखवलं असतं. डेंगळे आले असते तर त्याचंही बी ठेवलं असतं. माझा हात पुढे जाईना.

"वैशू, हे तुझ्या आईच्या बियाचं नाही. ते मी मारलं."

आणि मग थांबले नाही. प्लॅस्टिक सांगितलं, खिडकीतलं ऊन सांगितलं, पिशवीत टाकलेला फोन सांगितला, चांदवडचं दुकान, फोटो, दहावा, सगळं. सऱ्यांतल्या बायांचे हात थांबले. भाऊ पलीकडे पाणी भरत होते, त्यांनी फावड्यानं पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं आणि मान वर केली नाही. त्यांना आधीपासून माहीत होतं का, ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही.

वैशाली उठून उभी राहिली. इतकी वर्षं शाळेत शिकवते, पण तिचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. म्हणाली, "एक फोन करता येत नव्हता तुला?"

"येत होता."

"मग?"

"तुझी आई रागावेल म्हणून नाही केला."

ती जी सुटली, अक्का, ती सुटलीच. बायांसमोर, बापासमोर. वय झालं तरी तुला अक्कल नाही, म्हणाली. आई मरणाच्या दारात आणि तुला बोलणी चुकवायची पडली होती, म्हणाली. तिच्या पिंडापुढे खोटं बोललीस, आणि मी वेड्यासारखी तुझ्या गळ्यात पडले. पुढच्या हिवाळ्यात या वाफ्यावर मी येणार, बी कुठलंही असो, माझ्या हातानं टाकणार, तू हात लावायचा नाहीस, प्लॅस्टिक आणलंस तर बघ. शांताबाई मधे पडायला गेल्या, तिनं त्यांनाही गप्प केलं. मी मातीत बसून ऐकत होते.

मग तिनं ओढणी कमरेला खोचली, जुड्या उचलल्या आणि माझ्या शेजारची सरी धरली. दिवसभर लावत होती. संध्याकाळी बादली रिकामीच घेऊन गेली. सगळ्यांना येते म्हणाली, मला नाही. मी घरी आले, चूल पेटवली, दोन भाकरी थापल्या आणि दोन्ही खाल्ल्या, ठेच्याबरोबर, घटाघट पाणी पिऊन. इतक्या दिवसांनी मला कुणीतरी रागावलं होतं. ते तुमचं काम होतं, अक्का. ते टाकून तुम्ही गेलात, आणि पोरीला करावं लागलं.